‘हॅरॅस’ हा एक शब्द: एका तक्रारपत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधल्या एका शहरातलं आहे. माणसं आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्रातले शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्या शब्दांमुळेच घडलं.

नवरा, बायको आणि सात महिन्यांचं बाळ. हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे परवडणारी घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेच्या, जुन्या इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट. वरच्या फ्लॅटमध्ये साठी ओलांडलेली एक बाई एकटी राहायची. वरची जमीन नुसत्या लाकडी फळ्यांची, त्यामुळे तिचं प्रत्येक पाऊल खाली ऐकू यायचं. खुर्ची सरकली तरी कळायचं. आणि रात्री एकच्या सुमाराला वॉशिंग मशीन सुरू व्हायचं. ते स्पिनला आलं की खालच्या बेडरूमच्या छताला टांगलेला दिवा थरथरायचा. तो व्हिडिओ मी नंतर पाहिला. दिव्याची काचेची शेड हलकेच किणकिणत होती आणि मागून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

नवरा गोदामात पहाटेच्या शिफ्टला, साडेचारला उठणारा. बायकोची झोप आधीच बाळामुळे तुटक. तीन महिने हे असंच चाललं. या काळात तो दोनदा वर जाऊन आला. पहिल्यांदा संध्याकाळी गेला, बोलणं सरळ झालं, चार दिवस बरे गेले. दुसऱ्यांदा गेला तो रात्री सव्वा वाजता, पायात स्लिपर आणि खांद्यावर रडणारं बाळ अशा अवस्थेत. दार उघडताच तो म्हणाला, «व्हाय आर यू ट्रबलिंग अस?» बाईंनी दार लावून घेतलं.

त्याच रात्री दोन वाजता त्यानं असोसिएशनला ईमेल पाठवला.

अडचण

ईमेल जेमतेम सहा ओळींचा होता. त्यातली तीन वाक्यं महत्त्वाची. «अवर अपस्टेअर्स नेबर इज हॅरॅसिंग अस एव्हरी नाइट.» «शी इज गिव्हिंग मेंटल टॉर्चर टू माय फॅमिली.» «माय वाइफ इज व्हेरी डिस्टर्ब्ड.»

मराठी माणसाला हे वाचताना काही खटकणार नाही. तो तीन महिन्यांचा वैताग आहे, बस. पण हे पत्र इंग्रजीत वाचलं गेलं, आणि तेही तक्रारी हाताळणाऱ्या माणसाकडून.

तीन दिवसांनी अधिकाऱ्याचा फोन आला. शेजारीण धमक्या देते का? शिवीगाळ? तुमच्या वर्णावरून, भाषेवरून काही बोलते का? पोलिसांना कळवलंत का? प्रत्येक प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणत गेला. शेवटी म्हणाला, «शी इज ओन्ली मेकिंग नॉइज.» मग अधिकाऱ्यानं आवाज एकदम मऊ करून विचारलं, की पत्नीची तब्येत कशी आहे, डॉक्टरांशी बोलणं झालं आहे का, बाळाकडे बघायला घरात दुसरं कुणी आहे का. हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे लहान बाळांच्या घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या नर्सला, कळवू का, असंही विचारलं. फोन ठेवल्यावर ती दोघं घाबरून गेली. आवाजाची तक्रार केली होती, आणि चौकशी आईच्या मन:स्थितीची सुरू झाली होती.

पुढच्या आठवड्यात त्याच्याहून मोठा धक्का बसला. असोसिएशननं वरच्या बाईंना पत्र पाठवलं होतं, की तुमच्याविरुद्ध हॅरॅसमेंटचा आरोप आला आहे. त्यावर बाईंनी लेखी उत्तर दिलं होतं: खालचा माणूस मध्यरात्री येऊन माझं दार वाजवतो, मी एकटी राहते, मला भीती वाटते.

आता फाइलमध्ये दोन तक्रारी होत्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा जास्त वजनदार होती.

त्यानं मला फोन केला तो या टप्प्यावर. मी गेली बरीच वर्षं भाषांतर करते आणि ओळखीतल्यांची पत्रं, अर्ज पाहून देते. त्याचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. “ताई, मी खोटं काय लिहिलं? त्रास होतोय, तर त्रास होतोय असंच लिहिणार ना माणूस?”

शब्दांचं वजन

त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तासभर लागला. इथेही मी जरा थांबणार आहे.

मराठीतला ‘त्रास’ फार मोठ्या पोटाचा शब्द आहे. पित्ताचा त्रास असतो, सासरचा त्रास असतो, डासांचा त्रास असतो. “उगाच तुम्हाला त्रास दिला” असं आपण चहा घेऊन उठतानाही म्हणतो. एकच शब्द सौजन्यापासून छळापर्यंत सगळीकडे चालतो, कारण मराठीत त्याचं वजन भोवतालच्या शब्दांवर आणि बोलणाऱ्याच्या आवाजावर ठरतं. शिवाय आपल्याकडे एक सोय आहे. त्रास ‘होतो’ आणि त्रास ‘देतात’. “आवाजाचा त्रास होतो” या वाक्यात कुणीच गुन्हेगार नाही. “ती त्रास देते” म्हटलं की बोट उठतं. बोलताना आपण एकातून दुसऱ्यात सहज जातो आणि ऐकणारा ते समजून घेतो.

इंग्रजीत हे काम पंधरा-वीस शब्दांनी वाटून घेतलं आहे. प्रत्येक शब्द काही प्रश्नांची उत्तरं स्वत:बरोबर घेऊनच येतो. करणारा माणूस आहे की वस्तू? मुद्दाम आहे की नकळत? एकदा की वारंवार? आणि बिघडलं काय: सोय, मन:स्थिती, काम, की आरोग्य?

‘अनॉय’ घ्या. माशीही अनॉय करते, गळका नळही करतो. हेतूचा प्रश्नच नाही, चीड आली एवढंच. याचं मूळ लॅटिनमधल्या ‘इन ओदिओ’ या शब्दजोडीत आहे, म्हणजे ‘मला ते तिटकाऱ्याचं आहे’. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा बराच जड होता, इजा करण्याचा अर्थही त्यात होता. पुढे तो हलका होत गेला. आपला ‘त्रास’ही असाच हलका झालेला आहे. संस्कृतात त्रास म्हणजे भीती, थरकाप. ‘संत्रस्त’मध्ये ती भीती अजून दिसते. मराठीनं तो शब्द रोजच्या वापरात आणला आणि त्यातली भीती गेली.

‘ट्रबल’ आणि ‘डिस्टर्ब’ एकाच घरातले. दोन्हींच्या मुळाशी ढवळणं, गढूळ करणं आहे. पण वापर वेगळे. «सॉरी टू ट्रबल यू» हे आपल्या “जरा त्रास देतो हं” याचं नेमकं भावंड. मात्र «यू आर ट्रबलिंग अस» असं समोरच्याला कुणी म्हणत नाही, ते इंग्रजी कानाला विचित्र आणि रोखलेलं वाटतं. ‘डिस्टर्ब’चं त्याहून अवघड आहे. आवाजानं झोप डिस्टर्ब होते, हे ठीक. पण माणूस ‘डिस्टर्ब्ड’ आहे म्हटलं की त्याचं मानसिक संतुलन बिघडलं आहे, असा अर्थ सहज निघतो. अधिकाऱ्यानं आवाज मऊ का केला, ते इथे कळतं.

‘बॉदर’ हा यातला सगळ्यात घरगुती. अठराव्या शतकात तो इंग्रजी लिखाणात दिसू लागला, तोही आयर्लंडकडच्या लेखकांमुळे. त्यात राग जवळजवळ नाही, कटकट आहे. ‘पेस्टर’ म्हणजे भुणभुण, तगादा, पुन्हा पुन्हा मागत राहणं. त्याचं मूळ फ्रेंच क्रियापद घोड्याला पायखुटी घालण्याचं आहे. हे कळल्यापासून मला तो शब्द नीट लक्षात राहतो. ‘इरिटेट’ कातडीलाही लागू पडतो, चुरचुरणं त्यात आहे. ‘एक्झॅस्परेट’च्या मुळाशी ‘खरखरीत’ असा अर्थ आहे. सहनशक्ती घासत घासत संपली, अशा वेळचा तो शब्द. ‘फ्रस्ट्रेट’चं मूळ ‘व्यर्थ’ असं आहे. «आय ॲम फ्रस्ट्रेटेड» म्हणणारा सांगतो, की मी प्रयत्न केले, ते वाया गेले. त्यात दुसऱ्यावर आरोप नाही. म्हणूनच कार्यालयाला लिहिताना हा शब्द सुरक्षित वाटतो.

आणि ‘हॅरॅस’. इथे माणूस लागतो, वारंवारिता लागते, आणि ते तुमच्यावर रोखलेलं असावं लागतं. मराठीत याच्या जवळ ‘छळ’ येतो, किंवा ‘ससेमिरा’. ब्रिटनमध्ये १९९७ साली हॅरॅसमेंटपासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदाच झाला. त्यात समोरच्याला भयभीत करणं किंवा त्याला ‘डिस्ट्रेस’, म्हणजे मनस्ताप, होईल असं वागणंही हॅरॅसमेंटमध्ये धरलं आहे, आणि एका व्यक्तीच्या बाबतीत असं वागणं किमान दोनदा घडलेलं असावं लागतं. किमान दोनदा. तो वर किती वेळा गेला होता, हे मी त्याला आठवायला सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता होती.

मात्र त्याला अजून पटत नव्हतं. “मग हॅरॅस लिहायचं नाही तर काय लिहायचं? अनॉय? म्हणजे काय, मी जरासा चिडलोय, एवढंच?”

हाच या प्रकरणाचा गाभा आहे. त्यानं शब्दकोश उघडून चुकीचा शब्द उचलला नव्हता. त्यानं भाषांतरही केलं नव्हतं. हे शब्द त्याच्या रोजच्या मराठीतलेच होते. आपण सर्रास म्हणतो: बॉस हॅरॅस करतो, ट्रॅफिकनं टॉर्चर केलं, परीक्षेमुळे पोरगी डिस्टर्ब झाली आहे. इंग्रजीतून आलेले हे शब्द मराठीत राहून मराठी झाले. त्यांची धार गेली, ते ‘वैताग’, ‘कटकट’, ‘हैराण’ यांच्या पंगतीला बसले. हे ‘हैराण’चंही झालंच आहे. फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ चकित, गोंधळलेला असा होता. आपल्याकडे तो थकून बेजार झालेला माणूस झाला. शब्दांचं असं होणारच, त्यात वावगं काही नाही. पण ‘हॅरॅस’ आपण परत इंग्रजी पत्रात पाठवतो, तेव्हा वाचणारा त्याला मूळच्या वजनानंच तोलतो.

उलट दिशेनंही हेच घडलं होतं. असोसिएशनच्या पहिल्या उत्तरात «वुई अपॉलजाइज फॉर एनी इनकन्व्हिनियन्स» असं होतं. ते वाचून बायको रडली होती. “बाळ रात्रभर झोपत नाही, आणि यांच्या लेखी ही गैरसोय!” तिला त्यात हेटाळणी दिसली. खरं तर ते कार्यालयीन सभ्यतेचं ठोकळेबाज वाक्य आहे. रेल्वे उशिरा आली तरी तेच, लिफ्ट बंद पडली तरी तेच. त्यातल्या हलक्या शब्दानं तिची वेदना लहान केलेली नव्हती. त्या शब्दात वेदनेबद्दल काही बोललेलंच नव्हतं.

आता ‘अनॉय’बद्दलची त्याची शंका. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ साली समाजविघातक वर्तनाबद्दलचा कायदा झाला. त्यात सर्वसाधारण परिस्थितीत कसोटी जड शब्दांची आहे: हॅरॅसमेंट, अलार्म (म्हणजे घबराट) किंवा डिस्ट्रेस. पण राहत्या घराचा प्रश्न असेल तिथे ‘न्यूसन्स ऑर अनॉयन्स’ हे शब्द आहेत. म्हणजे ज्या शब्दाला तो हलका समजत होता, नेमका तोच त्याच्या घराच्या बाबतीत कायद्याच्या कामाचा होता. हे वाक्य मी त्याला दोनदा वाचून दाखवलं.

‘न्यूसन्स’चं तर आणखी वेगळं. बोलताना «व्हॉट अ न्यूसन्स» म्हणजे “काय कटकट आहे!” पण मूळ लॅटिन धातू इजा करण्याचा, आणि कायद्यात ते वजन शाबूत आहे. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार घरातून येणारा आवाज आरोग्याला अपायकारक किंवा ‘न्यूसन्स’ ठरला, तर स्थानिक कौन्सिलला तो थांबवण्याची नोटीस काढावी लागते. एकच शब्द, घरात पिसासारखा आणि कचेरीत दगडासारखा.

कोणते पर्याय होते

चार पर्याय समोर होते.

आरोप कायम ठेवून वकील गाठायचा, हा त्याच्या मित्रांचा सल्ला. मी याला ठाम विरोध केला. पुरावा आवाजाचा होता आणि आरोप छळाचा. तो टिकला नसता, आणि मध्यरात्री दार वाजवल्याची गोष्ट मात्र टिकली असती.

सगळी तक्रार मागे घ्यायची, हे बायकोला हवं होतं. हेल्थ व्हिजिटरचं नाव निघाल्यापासून ती धास्तावली होती. मला तिची भीती समजत होती. पण दिवा थरथरत होताच, बाळ जागत होतंच. शब्द चुकला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

कौन्सिलकडे न्यूसन्सची तक्रार करायची, हा तिसरा मार्ग. तो बंद करायचा नव्हता, पण आत्ताच वापरायचाही नव्हता. कारण एक निकाल आड येत होता. १९९९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) साउथवर्क कौन्सिल विरुद्ध मिल्स या खटल्यात म्हटलं होतं, की घराच्या नेहमीच्या वापरातून होणारा आवाज, भिंती आणि जमिनी पातळ असल्यामुळे शेजाऱ्याला ऐकू आला, तरी तो न्यूसन्स होत नाही. म्हणजे पावलांचा आवाज जवळजवळ बाद. मध्यरात्रीच्या मशीनबद्दल मात्र बोलायला जागा होती.

चौथा पर्याय: पहिलं पत्र दुरुस्त करायचं, आवाजाची नोंद ठेवायची, आणि बाईंची माफी मागायची. माफीवर त्याची गाडी अडली. “तिनं माझी मागायला पाहिजे.” त्यावर मी वाद घातला नाही. म्हटलं, आधी पत्र लिहू.

काय केलं

पत्राच्या एकेका वाक्यावर आम्ही फोनवर दीड तास बसलो होतो.

पहिलं काम कर्ता बदलण्याचं. «शी इज हॅरॅसिंग अस»मध्ये कर्ता बाई आहेत. त्यांना वाक्यातून बाजूला केलं आणि आवाजाला पुढे आणलं: «द नॉइज फ्रॉम द फ्लॅट अबव्ह वेक्स अस ॲट नाइट.» मराठीतल्या ‘त्रास देते’वरून ‘त्रास होतो’वर येण्यासारखंच हे होतं. त्याच्या लक्षात आल्यावर तो म्हणाला, “म्हणजे आपलं ‘होतं’ इंग्रजीत असं आणायचं.” पण लगेच पुढे, “ताई, हे फार मिळमिळीत वाटतंय.”

मग मी त्याला विचारलं, पहिल्या पत्रात दिव्याबद्दल कुठे आहे? साडेचारला उठण्याबद्दल? नव्हतंच. तिथे फक्त मोठे शब्द होते. आम्ही दिवा लिहिला. साडेचार लिहिलं. बाळाचं वय लिहिलं. ‘टॉर्चर’ पुसला, तिथे काहीच घातलं नाही. ‘डिस्टर्ब्ड’च्या जागी ‘एक्झॉस्टेड’ आला. हा शब्द थकव्यापुरताच बोलतो, मनाच्या आजाराकडे बोट दाखवत नाही. असोसिएशनबद्दल एक वाक्य, ‘फ्रस्ट्रेटेड’ वापरून: तीन महिन्यांत आम्हाला मार्ग सापडलेला नाही. आणि एक वाक्य सरळ दुरुस्तीचं: पहिल्या पत्रात मी ‘हॅरॅसिंग’ असं लिहिलं ते चूक होतं, शेजारीण आमच्याशी मुद्दाम काही करते असं मला म्हणायचं नाही.

सोबत चौदा दिवसांची वही. त्यातली एक नोंद अशी: ‘रात्री १.१०, मशीनचा स्पिन, १२ मिनिटं. बाळ उठलं, २.०५ ला झोपलं.’ विशेषण एकही नाही.

बाईंना लिहायच्या चिठ्ठीवर तो चौथ्या दिवशी तयार झाला. त्यानं स्वत:च मसुदा केला होता, «सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड.» मी म्हटलं, हे रेल्वेचं वाक्य झालं. ज्या वाक्यानं तुझी बायको रडली, तेच तू तिला पाठवतो आहेस. तिची सोय बिघडली नव्हती, तिला भीती वाटली होती. जे झालं त्याचं नाव घे. शेवटी दोन ओळी राहिल्या: «आय ॲम सॉरी आय नॉक्ड सो लेट. आय डिड नॉट मीन टू फ्रायटन यू.» लिहिताना तो हळूच म्हणाला, “तिलाही त्रासच झाला की.” संस्कृतातला अर्थ धरला, तर खरा त्रास त्या रात्री वरच्याच दारात झाला होता.

काय झालं

असोसिएशननं हॅरॅसमेंटची नोंद बंद करून प्रकरण आवाजाच्या तक्रारींकडे वळवलं. हेल्थ व्हिजिटरचा विषय पुन्हा निघाला नाही. मध्यस्थ अधिकारी वर जाऊन आला तेव्हा मध्यरात्रीच्या मशीनचं कारण कळलं. बाईंकडे ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा वीजदर होता. १९७८ पासून चालत आलेली ही योजना, रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि दिवसा महाग. त्या पेन्शनवर राहत होत्या आणि पैसे वाचवायला मशीन रात्री लावत होत्या. खाली दिवा थरथरतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्यापर्यंत फक्त ‘ट्रबल’ आणि ‘हॅरॅस’ पोहोचले होते, दिवा कुणी सांगितलाच नव्हता.

मशीनचा एक पाय इतरांपेक्षा आखूड निघाला. तो समतल केला, खाली जाड रबरी मॅट टाकली. बाईंनी मशीन सकाळी सहाला लावायचं कबूल केलं. त्या वेळी वीज अजून स्वस्त असते आणि खालचा माणूस कामावर पोहोचलेला असतो. पावलांच्या आवाजाचं मात्र काही झालं नाही. तो राहण्याचा नेहमीचा आवाज आहे, असं लेखी उत्तर आलं. ते आजही तसंच आहे.

चिठ्ठीला बाईंनी उत्तर दिलं नाही. जिन्यात भेट झाली तर त्या मान हलवतात. पहिल्या संध्याकाळी झाल्या होत्या तशा गप्पा पुन्हा झाल्या नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात पहिला निर्णयबिंदू रात्री दोनचा ईमेल. ते पत्र मराठीत लिहून सकाळपर्यंत ठेवलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. झोप न झालेल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे, करणं नाही, हे मला मान्य आहे. त्याच्या जागी मीही त्याच रात्री लिहिलं असतं.

अधिकाऱ्यालाही एक संधी होती. «ओन्ली मेकिंग नॉइज» हे फोनवर ऐकल्यानंतरही बाईंना पाठवलेल्या पत्रात ‘हॅरॅसमेंट’ हाच शब्द गेला. तक्रारदाराची मातृभाषा इंग्रजी नाही, हे उघड होतं. “हा शब्द तुम्हाला कोणत्या अर्थानं म्हणायचा आहे?” एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं. याबद्दल मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्या एका प्रश्नानं वरची बाई त्या पत्रापासून वाचली असती.

माझीही एक चूक झाली. जड शब्द काढण्याच्या नादात मी ‘एव्हरी नाइट’ दुसऱ्या पत्रातही राहू दिलं. वहीत मात्र चौदापैकी आठच रात्री होत्या. मराठीत “रोज रात्री” हे मोजमाप नसतं, तो आवाज चढवण्याचा एक प्रकार असतो. इंग्रजी कागदावर ते मोजमाप होतं. अधिकाऱ्यानं तो फरक हेरला आणि त्यावर स्पष्टीकरण मागितलं. पत्र आणि वही शेजारी ठेवून वाचली असती, तर मला ते दिसायलाच हवं होतं.

तेव्हापासून कुणी तक्रारपत्र घेऊन आलं, की मी आधी ते मराठीत बोलायला सांगते, आणि ‘त्रास’, ‘टॉर्चर’, ‘हॅरॅस’ हे शब्द न वापरता. माणसं अडखळतात, मग दिव्यासारख्या गोष्टी बाहेर येतात.

वर्षभरानं त्या कुटुंबानं मोठ्या घरासाठी अर्ज केला. अर्जात प्रश्न होता: शेजाऱ्यांविषयीच्या एखाद्या तक्रारीत तुमचं नाव आहे का? ‘हो’वर खूण करावी लागली आणि खालच्या चौकटीत कारण लिहावं लागलं. या वेळी त्यानं मला फोन केला नाही. अर्ज पाठवून झाल्यावर फक्त चौकटीचा फोटो पाठवला. तिथे त्यानं लिहिलं होतं: «नॉइज फ्रॉम अ वॉशिंग मशीन. रिझॉल्व्ह्ड. माय फर्स्ट लेटर यूज्ड द राँग वर्ड.»